रांगेची दोन टोकं

पावसाळ्यातल्या रोजच्या पावसाची नोंद घ्या. १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे १२२ आकडे. ते एका ॲरेमध्ये भरले आणि त्यातून फक्त जुलै बाहेर काढायचं ठरवलं, की भाषाभाषांतले फरक दिसू लागतात. मॅटलॅबमध्ये आपण पाऊस(३१:६१) लिहू, फोरट्रानमध्येही तेच. आर आणि ज्युलियात कंस चौकोनी होतो, आकडे तेच राहतात. पायथॉनच्या नमपायमध्ये मात्र पाऊस[३०:६१] लिहावं लागतं, आणि खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या आयडीएलमध्ये पाऊस[३०:६०]. महिना एकच, दिवस एकतीसच, पण लिहिण्याच्या तऱ्हा तीन. यातली एक तऱ्हा दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी नेली, तर प्रोग्राम बहुधा कुरकुर न करता चालतो आणि उत्तर एका दिवसाने चुकतं.

या विषयावरची भांडणं बहुतेक एकाच मुद्द्यावर होतात: मोजणी शून्यापासून की एकापासून? माझ्या मते तो मुद्दा सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे. सवयीने दोन्ही जमतं. भाषेची पारख होते ती टोकांवर. शेवटचं टोक आत धरायचं की नाही, रेंज रिकामी निघाली तर काय, पायरी अपूर्णांकात असली तर शेवट नेमका कुठे येतो, आणि ॲरेच्या बाहेरची जागा मागितली तर भाषा बोलते की गप्प बसते, हे प्रश्न जास्त खोल आहेत आणि त्यांची उत्तरं भाषेगणिक वेगळी आहेत.

फोरट्रान १९५७ साली आली. आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली, आणि मॅट्रिक्सची पहिली ओळ म्हणजे एक नंबरची ओळ ही गणितातली रीत तिने उचलली. तिच्या डू लूपमध्ये सुरुवात, शेवट आणि पायरी असे तीन आकडे द्यायचे आणि दोन्ही टोकं धरली जायची. आजच्या बऱ्याच रेंजचं मूळ त्या एका ओळीत आहे. पण तिच्यात एक खोट होती. सुरुवातीचा आकडा शेवटच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला तर? १९६६च्या मानकात याला परवानगीच नव्हती, आणि तसं झालंच तर बरेच कंपायलर लूप एकदा तरी फिरवून मोकळे होत. लूप शून्य वेळाही फिरू शकतं हे फोरट्रान ७७ने रीतसर मान्य केलं. म्हणजे रिकाम्या रेंजला या भाषेत हक्काची जागा मिळायला वीस वर्षं गेली. त्याच आवृत्तीने ॲरेची खालची सीमा प्रोग्रामरवर सोपवली. −५ ते ५ असा ॲरे हवा असेल तर तसा घ्या. अल्गोल ६०मध्ये ही मुभा आधीपासून होती.

केनेथ आयव्हर्सन यांची वाट वेगळी होती. १९६२च्या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या चिन्हलिपीतून एपीएल ही भाषा घडली आणि तिच्यात आयोटा हे एकच ग्रीक अक्षर रेंज बनवू लागलं. आयोटा ५ म्हटलं की पाच आकड्यांची रांग तयार. ती १ ते ५ की ० ते ४, हे ठरवणारा एक बदलता खटका भाषेतच ठेवला होता. कागदावर हे फार उदार वाटतं. व्यवहारात एकाने शून्य धरून लिहिलेला तुकडा दुसऱ्याच्या एक धरून चाललेल्या कामात बसला की उत्तरं सरकायची, म्हणून प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला खटका आपल्या बाजूला वळवून घ्यायची शिस्त लागली. आयव्हर्सन यांनीच पुढे जे ही भाषा केली, तिच्यात खटका नाही. मोजणी शून्यापासून, विषय संपला. हा धडा महत्त्वाचा आहे: कोणता पाया निवडला यापेक्षा सगळ्यांनी एकच धरला, याला जास्त किंमत असते.

शून्याचा दुसरा उगम यंत्राजवळचा. बीसीपीएलपासून सीपर्यंतच्या घराण्यात इंडेक्स म्हणजे ॲरेच्या आरंभापासूनचं अंतर. पहिला घटक आरंभावरच बसलेला, म्हणून त्याचं अंतर शून्य. पण शून्याची आणि उघड्या टोकाची सगळ्यांत नेटकी बाजू मांडली एड्सगर डायक्स्ट्रा यांनी, ऑगस्ट १९८२मधल्या एका हस्तलिखित टिपणात. २ ते १२ हे आकडे सांगायच्या चार पद्धती होतात, कारण प्रत्येक टोक आत किंवा बाहेर ठेवता येतं. त्यांचा कौल खालचं टोक आत आणि वरचं बाहेर या पद्धतीला होता. झेरॉक्स पार्कमध्ये तयार झालेल्या मेसा या भाषेत चारही पद्धती लिहिता येत, आणि बाकीच्या तीन वापरताना चुका जास्त होत असल्याचा तिथला अनुभव त्यांनी पुरावा म्हणून दिला आहे.

आपल्या पावसावर हे करून बघा. शून्यापासून मोजून वरचं टोक उघडं ठेवलं तर जून होतो ०:३०, जुलै ३०:६१, ऑगस्ट ६१:९२, सप्टेंबर ९२:१२२. एका महिन्याचा शेवट हाच पुढच्याचा आरंभ. दोन टोकांची वजाबाकी केली की महिन्याचे दिवस मिळतात. दोन्ही टोकं धरली तर १:३०, ३१:६१, ६२:९२, ९३:१२२, आणि प्रत्येक सांध्यावर एक मिळवायचा, दिवस मोजताना पुन्हा एक मिळवायचा. ॲरेचे तुकडे पाडायचे असतील तर उघडं टोक निर्विवाद सरस आहे. मात्र तुकडा नावाने सांगायचा असला की पारडं फिरतं. एकतीस ते एकसष्ट म्हटल्यावर ऐकणारा एकसष्टावा दिवस धरतोच. गणिताच्या सूत्रांत बेरजेच्या चिन्हाखाली १ आणि वर एन असतो, तोही धरूनच. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅब लिहिलं, तेव्हा सूत्र वहीतून पडद्यावर तसंच उतरावं हाच हेतू होता, आणि त्या हेतूला दोन्ही टोकं धरणंच शोभतं. ऑक्टेव्ह, सायलॅब आणि ज्युलिया याच वाटेने गेल्या. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सायलॅब नेलं, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सायलॅबचे धडे मराठीतही दिले. त्यामुळे आपल्या अनेक विद्यार्थ्यांची ॲरेशी पहिली ओळख एकापासूनच्या मोजणीने होते, आणि नोकरीत पायथॉन समोर येतं तेव्हा मोजणी आणि टोक हे दोन्ही एकदम बदलतात.

आता रिकामी रेंज. पावसाच्या फाइलमध्ये एकही नोंद नाही, म्हणून एन, म्हणजे नोंदींची संख्या, शून्य. मॅटलॅब किंवा ज्युलियात १:एन ही रेंज रिकामी निघते आणि लूप फिरत नाही, जे हवं तेच. आरमध्ये मात्र १:० म्हणजे उलटी उतरणारी रेंज: आधी १, मग ०. लूप दोनदा फिरतं, पहिल्या वेळी नसलेला घटक मागतं आणि दुसऱ्या वेळी शून्यावा. आरमध्ये नसलेला घटक वाचला तर चूक होत नाही, एनए, म्हणजे ‘माहिती नाही’ ही खूण मिळते. शून्यावा मागितला तर रिकामा व्हेक्टर मिळतो. प्रोग्राम थांबत नाही आणि गोंधळ पुढच्या पायरीवर जातो. जाणकार आरमध्ये १:एन लिहितच नाहीत. ते सेक_लेन किंवा सेक_अलाँग वापरतात, जी शून्याला रिकामी रेंज देतात. भाषेच्या सगळ्यांत सोप्या खुणेला टाळायला शिकावं लागतं ही मला आरमधली मोठी उणीव वाटते, कारण नवशिका नेमकी तीच खूण आधी शिकतो.

त्याच कोलनचा आणखी एक सापळा आहे. १:एन-१ ही ओळ मॅटलॅबमध्ये आणि ज्युलियात लिहा. आधी वजाबाकी होते, मग रेंज. एन पाच असेल तर १, २, ३, ४. आरमध्ये कोलन वजाबाकीच्या आधी लागतो. म्हणून आधी १ ते ५ तयार होतात, मग प्रत्येकातून एक वजा होतो आणि हाती येतात ०, १, २, ३, ४. अक्षर न् अक्षर तेच, उत्तर वेगळं. त्यात शून्यावा घटक आर मुकाट्याने गाळतं, त्यामुळे पाऊस[१:एन-१] बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतं आणि चूक वर्षानुवर्षं लपून राहते. कंस घाला. जिथे गरज नाही तिथेही घाला.

अपूर्णांकाच्या पायरीचा प्रश्न या सगळ्यांहून अवघड, कारण तो यंत्राच्या आकड्यांतच मुरलेला आहे. दहावीच्या पुस्तकातल्या अंकगणिती श्रेढीप्रमाणे रेंज म्हणजे पहिलं पद, सामान्य फरक आणि शेवटचं पद. फरक ०.१ असला तर तो द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही, जसा १/३ दशांशात लिहिता येत नाही. यंत्रात साठतो तो ०.१च्या अगदी जवळचा दुसराच आकडा. तो दहा वेळा मिळवला तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. उलट ०.१ला तीनने गुणलं तर ०.३हून किंचित मोठं काहीतरी येतं. मग ० पासून ०.३ पर्यंत ०.१च्या पायरीने जाताना ०.३ धरायचं की सोडायचं? फोरट्रान ७७ने अपूर्णांकी डू लूपला परवानगी दिली होती. फोरट्रान ९५ने ती काढून घेतली. मानक समितीने दिलेली सोय परत घ्यावी, असं क्वचितच घडतं.

नमपायचं अरेंज हे फंक्शन घटकांची संख्या असं ठरवतं: शेवटातून सुरुवात वजा करा, पायरीने भागा, उत्तर वरच्या पूर्णांकापर्यंत न्या. अरेंज(१, १.३, ०.१) करून बघा. वरचं टोक उघडं, म्हणून १, १.१, १.२ हे तीनच आकडे यायला हवेत. पण यंत्रात वजाबाकी ०.३पेक्षा केसभर मोठी निघते, भागाकार तीनच्या किंचित वर जातो, वरचा पूर्णांक चार होतो आणि १.३ रांगेत येऊन बसतं. नमपायचे दस्तऐवजच सांगतात की अपूर्णांकी पायरीसाठी लिनस्पेस वापरा. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह शेवटाजवळ थोडी सूट देऊन घटक मोजतात, त्यामुळे असे धक्के कमी बसतात. ज्युलियाने मात्र या प्रश्नाचा अभ्यासच केला आहे. लिहिणाऱ्याच्या मनात खरोखर एक दशांशच होता असा अंदाज ती बांधते, आतला हिशोब दुप्पट अचूकतेने ठेवते, आणि ०:०.१:१ या रेंजचा चौथा घटक काढला तर तो ०.३शी तंतोतंत जुळतो. मला ही आजवरची सगळ्यांत प्रामाणिक मेहनत वाटते, कारण तिने प्रोग्रामरला उपदेश न करता काम स्वतःवर घेतलं.

असे सूक्ष्म फरक शेवटी सोडूनच द्यायचे असतात, असं कुणाला वाटत असेल तर २५ फेब्रुवारी १९९१ची आठवण करावी. सौदी अरेबियात दाहरानला तैनात असलेली पेट्रिअट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मोजायची आणि त्याला २४ बिटांत छाटलेल्या ०.१ने गुणायची. सुमारे शंभर तास सलग चालल्यावर घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं होतं. स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं आणि २८ अमेरिकी सैनिक मेले.

म्हणून अपूर्णांकांसाठी पायरी सांगण्यापेक्षा घटक किती हवेत ते सांगावं. लिनस्पेस हेच करतं: दोन्ही टोकं द्या, संख्या द्या, मधली वाटणी ते करील. इथे टोकं नेमकी मिळतात. फक्त एक हिशोब पक्का ठेवावा लागतो. बांधावर अकरा खांब रोवले तर मधल्या जागा दहाच होतात. ० ते १मध्ये ०.१ची पायरी हवी असेल तर लिनस्पेसला ११ सांगावं लागतं, १० सांगितलं तर पायरी १/९ होते आणि आलेख दिसायला तसाच दिसतो.

रेंज ही आकड्यांची यादी की फक्त नियम, हाही भेद आहे, पण तो बराचसा सुटला आहे. १ ते एक अब्ज अशी यादी खरोखर मांडली तर आठ जीबी मेमरी जाते. ज्युलिया फक्त दोन टोकं साठवते, सोळा बाइट्समध्ये, आणि बेरीज मागितली तर सूत्राने देते. ऑक्टेव्हने हे आधीपासून केलं. पायथॉन ३मधली रेंज तशीच, आणि २०१८च्या ३.५ आवृत्तीपासून आरमध्येही १:एन आटोपशीर साठतं.

रेंज तयार झाली की ती ॲरेच्या कंसात जाते, आणि इथे भाषांचे स्वभाव उघडे पडतात. पाऊस[-१] लिहा. पायथॉनमध्ये शेवटच्या दिवसाचा पाऊस मिळतो. आरमध्ये पहिला दिवस सोडून उरलेले १२१. दोन्ही सोयी उत्तम आहेत, एकमेकींजवळ ठेवल्या की घातक. मॅटलॅब आणि ज्युलियात शेवटासाठी एंड हा शब्द आहे, सायलॅबमध्ये डॉलरचं चिन्ह, आणि मला तीच पद्धत जास्त पटते. वजा चिन्हाचा धोका असा की चुकून झालेली वजाबाकीही वैध इंडेक्स ठरते. आय-१ करताना आय शून्य असला तर पायथॉन तक्रार करत नाही, रांगेच्या दुसऱ्या टोकाचा आकडा आणून देतं. १ जूनच्या आदल्या दिवसाचा पाऊस म्हणून ३० सप्टेंबरचा पाऊस.

अटीने निवड करणं हा या भाषांचा सगळ्यांत देखणा भाग. हवामान विभाग दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणतो. पाऊस[पाऊस >= ६४.५] एवढं लिहिलं की ते दिवस हाती येतात. लूप नाही, मोजणी नाही, टोकंही नाहीत. इथेही आरमध्ये एक खाचखळगा आहे: खऱ्या-खोट्याची यादी लहान पडली तर ती पुन्हा पहिल्यापासून लावली जाते. नमपाय लांबी जुळली नाही तर थांबतं. थांबणंच योग्य.

दोन दिशांच्या ॲरेत मतभेद आणखी वाढतो. ओळी म्हणजे ठिकाणं आणि स्तंभ म्हणजे महिने, असा तक्ता समजा. मॅटलॅबमध्ये तक्ता([१ ३],[२ ४]) लिहिलं तर पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणाचे जुलै आणि सप्टेंबर, असे चार आकडे येतात. आर आणि ज्युलियातही तसेच. नमपायमध्ये तक्ता[[०,२],[१,३]] लिहिलं तर दोनच आकडे येतात: पहिल्या ठिकाणाचा जुलै आणि तिसऱ्याचा सप्टेंबर. याद्या जोडीजोडीने वाचल्या जातात. चार हवे असतील तर त्यासाठी वेगळं साधन घ्यावं लागतं. दोन याद्यांची लांबी वेगळी असती तर नमपायने बहुधा अडवलं असतं. सारखी असली की काही बोलत नाही, आणि चुकण्याची शक्यता तिथेच जास्त.

काढलेला तुकडा मूळ ॲरेचाच भाग की वेगळी प्रत, हेही विचारावं लागतं. नमपायमध्ये जून = पाऊस[०:३०] केलं आणि मग जूनमधला एक आकडा बदलला, तर पाऊसमधलाही बदलतो, कारण स्लाइस ही मूळ मेमरीकडे उघडलेली खिडकी असते. तोच तुकडा इंडेक्सच्या यादीने काढला तर प्रत मिळते. मॅटलॅब आणि आरमध्ये प्रत गृहीत असते. ज्युलियात प्रत ही रीत आणि खिडकी हवी तर व्ह्यू असं स्पष्ट लिहायचं. मोठ्या उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्याला नमपायची बचत मोलाची आहे हे खरं. तरी शिकणाऱ्याच्या बाजूने बघता मी ज्युलियाचा क्रम योग्य मानतो: सुरक्षित ते आपोआप, धोक्याचं ते मागितल्यावर.

ॲरेच्या बाहेर गेलं तर काय होतं, इथे मी भाषेला गुण देतो किंवा कापतो. फोरट्रानचे कंपायलर सहसा तपासणी सांगितल्याशिवाय करत नाहीत, शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलतात. नमपाय एकट्या इंडेक्सला अडवतं, पण पाऊस[१००:२००] मागितलं तर आहेत तेवढे बावीस आकडे देऊन गप्प राहतं. मॅटलॅब वाचताना अडवतं, मात्र लिहिताना ॲरे वाढवतं. कुणी १२० ऐवजी १२००व्या जागी पाच मिलिमीटर लिहिले, तर पाऊस हा ॲरे १२०० घटकांचा होतो आणि मधल्या जागी शून्य भरली जातात. पावसाच्या नोंदीत शून्य म्हणजे कोरडा दिवस. एका टंकनदोषाने तीन वर्षांची अवर्षणाची नोंद तयार होते आणि सरासरी तशीच छापली जाते. आरही ॲरे वाढवतं, पण मध्ये एनए भरतं, आणि त्यामुळे सरासरी काढायला गेलं की एनएच समोर येतो. ज्युलिया दोन्ही वेळा थांबते.

गेल्या काही वर्षांत प्रश्नाने आणखी एक वळण घेतलं आहे. वेस मॅकिनी यांनी २००८मध्ये सुरू केलेल्या पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत इंडेक्स म्हणजे जागेचा क्रमांक असण्याची सक्ती राहिली नाही. तारीखच इंडेक्स होऊ शकते. मग जुलै काढायचा तर १ जुलै ते ३१ जुलै असंच लिहायचं. गंमत अशी की लॉकने तारखा दिल्या तर पांडाज दोन्ही टोकं धरतं, आणि आयलॉकने क्रमांक दिले तर वरचं टोक सोडतं. एकाच लायब्ररीत दोन नियम ठेवल्याबद्दल तिच्यावर टीका होते, पण मला हा निर्णय योग्य वाटतो. क्रमांकाच्या पुढचा क्रमांक सगळ्यांना माहीत असतो, म्हणून ६१च्या आधी थांब म्हणता येतं. ठिकाणांची नावं इंडेक्सला लावली असतील, तर साताऱ्यापर्यंतचा तुकडा मागणाऱ्याने यादीत साताऱ्यानंतर कोण येतं ते आधी शोधून काढावं, अशी अपेक्षा कशी करणार? तो सातारा म्हणतो तेव्हा साताऱ्याचा पाऊस त्याला हवाच असतो.